पाणी बघायला

"सोलापुरात बघायला आहे काय?" धाकटा भाऊ दर दिवाळीला पुण्याहून येतो आणि चिवड्याचा पहिला बकाणा भरून हाच प्रश्न विचारतो. दरवेळी मी सिद्धेश्वर, भुईकोट अशी नावं घेतो आणि तो "ते झालंय रे" म्हणतो. मागच्या दिवाळीत मात्र आईनेच परस्पर उत्तर दिलं. म्हणाली, "पाणी बघा."

आम्ही दोघंही हसलो. ज्या गावात आमचं बालपण नळाची वाट बघण्यात गेलं, तिथे पाणी बघायला जायचं?

पण विचार केला तर आई चुकीचं बोलत नव्हती. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. कोकणात जुलैत धो धो कोसळतो तेव्हा आपण आभाळाकडे बघत बसलेलो असतो. आपला खरा पाऊस येतो सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास जे काही साठायचं ते साठलेलं असतं. सोलापूर बघायचं तर तेव्हाच.

सुरुवात घरापासून केली. सिद्धेश्वराचं तळं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमांतून ते खोदवून घेतलं असं आपण ऐकत आलोय. सिद्धराम हे बसवेश्वरांच्या काळातले शरण, कन्नडमध्ये वचनं लिहिणारे. योगी माणसाने ध्यान करावं, तर हे कुदळ-फावडं घेऊन लोकांना कामाला लावतात! पुढे बहामनी काळात शेजारी भुईकोट उभा राहिला, तेव्हा पूर्वेची बाजू या तळ्याने सांभाळली आणि बाकीच्या बाजूंना खंदक आला. शेजारच्या राजांनी या किल्ल्यासाठी किती मारामाऱ्या केल्या! आदिलशहा-निजामशहांच्या लग्नात तो आंदण म्हणूनही दिला-घेतला गेला. चांदबिबी विजापूरला सून म्हणून गेली ती सोलापूरचा किल्ला घेऊन. किल्ला या हातातून त्या हातात जात राहिला, तळं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी काढून नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने तासाभराचा प्रवास. किल्ला धाराशिव जिल्ह्यात असला तरी आम्हा सोलापूरकरांना तो आपलाच वाटतो. १६१३ च्या सुमारास, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इथे बोरी नदीवर दगडी बांध घातला गेला. एका अंगाला नळदुर्ग, दुसऱ्या अंगाला रणमंडळ. एका बांधाने दोन किल्ले जोडले, शत्रूच्या वाटेत पाणी आणलं आणि आतल्या माणसांची तहानही भागवली. गंमत म्हणजे बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. बांध भरला की जादा पाणी दोन सांडव्यांवरून उतरतं, तेच नर आणि मादी धबधबे. वरून पाणी कोसळतंय आणि आपण आत, खिडकीपाशी, कोरडे उभे! चारशे वर्षांपूर्वीचं गणित आहे हे, अजून चुकलेलं नाही. भाऊ पुण्याच्या सगळ्या टेकड्या विसरून बघत राहिला.

आईच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून ती वरच कठड्याला टेकून बसली होती. आम्ही वर येऊन शहाचं कौतुक सांगायला लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि दगड कुणी वाहिले?"

मग तिने जे सांगितलं ते आम्ही दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं. आजीबरोबर ती मातीच्या पाट्या उचलायला जायची. दुपारी सुकडी मिळायची. तिचा वास अजून नकोसा वाटतो म्हणे. आता कळलं, आमच्या लहानपणी शाळेतल्या खाऊत सुकडी आली की आई काही न बोलता उठून का जायची.

परत येताना तुळजापूरवरून आलो. कोजागरीला ज्या रस्त्याने माणसांची रीघ पायी जाते, त्याच रस्त्याने उलटे. सोलापूर जवळ आलं की एकरुख तलाव लागतो, आपण ज्याला हिप्परग्याचा म्हणतो तो. इंग्रजांनी १८७१ मध्ये पुरा केलेला. त्यानंतर पाचेक वर्षांतच मोठा दुष्काळ पडला आणि मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव त्या दुष्काळी कामातून झाला. तिथेही कुणाच्या तरी आईने पाट्या उचलल्याच असतील. बांधणाऱ्या राजाचं नाव आपण पाठ करतो, इंजिनिअरचंही कुठेतरी सापडतं. पाटीवालीचं नाव हजेरीपटाबरोबर जातं.

हिप्परग्याला गाडी थांबवली. ऊन उतरलं होतं, पाणी काठोकाठ. भावाने हळूच विचारलं, "आई, तुझा तलाव आहे अजून?"

"असेल की. लग्नानंतर मी कुठे बघितलाय?"

पंचावन्न किलोमीटरवर आईचं गाव आणि आम्ही दोघं कधी त्या तलावाकडे वळलो नाही. असो. दुसऱ्या दिवशी भावाचं परतीचं तिकीट होतं. ते त्याने रद्द केलं.

तलाव आहे. निम्मा गाळाने भरलाय, पण खालच्या चार विहिरींना अजून पाणी आहे. आई बांधावर उभी राहिली आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथली माती आमची."