कढीलिंबावरील सुरवंट आणि मुंबईची कीटकविद्या

माघ सरून फाल्गुन लागला, कीं मुंबईंतील सांवरीचीं झाडें लाल फुलांनीं डवरतात आणि गिरगांवांतील एखाद्या वाडींत, तुळशीवृंदावनाशेजारच्या कढीलिंबाला कोंवळी पालवी फुटते. काळ्या पंखांचें एक फुलपांखरूं तेथें क्षणभर टेकतें, पोटाचें टोंक वांकवितें आणि मोहरीहून लहान असें एक अंडें पानाला चिकटवून निघून जातें. गृहिणीच्या लेखीं ही केवळ पानांची नासाडी होय. परंतु मुंबईच्या कीटकविद्येचा इतिहास अशाच घराभोंवतालच्या निरीक्षणांतून उभा राहिला आहे.

१५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ एकत्र जमले व त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोघे मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे वनस्पतिशास्त्राचे जाणकार व रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. कर्नल स्विन्हो हे फुलपांखरें व पतंग यांचे अभ्यासक. पहिले चिटणीस एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ सालीं सातारा येथें झाला होता, आणि त्यांची नोकरी होती जकात व मीठ खात्यांत! बंगल्याच्या आसपास वावरणाऱ्या मुंग्या, उंदीर, कावळे यांच्यावर त्यांनीं लिहिलेलें विनोदी पुस्तक त्याच १८८३ सालीं प्रसिद्ध झालें.

त्या काळची रीत जाळें, बरणी आणि टांचणी यांची होती. कीटक मारून पेटींत लावावयाचा व त्याखालीं चिठ्ठी जोडावयाची: कोठें सांपडला, कोणत्या दिवशीं सांपडला. ही चिठ्ठी नसेल तर सुंदरांतला सुंदर नमुनाही शास्त्राला निरुपयोगी ठरे. एटकेन, डेव्हिडसन व बेल या त्रयीनें उत्तर कानडा जिल्ह्यांत आणखी एक पाऊल पुढें टाकलें. त्यांनीं सुरवंट घरीं आणून त्यांच्या खाद्यवनस्पतींवर वाढविले आणि अंड्यापासून पंखांपर्यंतचा त्यांचा जीवनक्रम लिहून ठेवला. कढीलिंब, लिंबू, रुई, कण्हेर यांवर निरनिराळीं फुलपांखरें अंडीं घालतात; म्हणून ज्याला झाड ओळखतां येत नाहीं त्याला कीटकही ओळखतां येत नाहीं.

हा छंद निरर्थक नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोव्याच्या सीमेवरील जकात नाक्यांवर हिंवतापाचा उपद्रव होता. त्याच्या चौकशीसाठीं एटकेन यांना पाठविण्यांत आलें. त्या वेळीं डासांची एक नवी जात त्यांना आढळली व पुढें तिला त्यांचेंच नांव देण्यांत आलें. ओट्यावर बसून मुंग्या पाहणारी दृष्टि रोगाच्या शोधांतही उपयोगी पडली.

आज टांचणीची जागा छायाचित्रानें घेतली आहे. हातांतल्या मोबाइलनें अंड्याचेंही चित्र घेतां येतें आणि जीव जिवंत राहतो. त्यासाठीं सकाळची वेळ उत्तम, कारण गारव्यांत कीटक मंद असतात. मात्र त्यांच्यावर आपली सांवली पडूं देऊं नये. कढीलिंबावरचा सुरवंट पहिले कांहीं दिवस पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मग हिरवा होतो. डिवचल्यास डोक्यामागून दुटोंकी शिंग काढून उग्र वास सोडतो. रोज एक छायाचित्र घेतल्यास सुमारें महिन्याभरांत सारें चरित्र हातीं येतें. परंतु जुना नियम सुटलेला नाहीं. तारीख, स्थळ व झाडाचें नांव नसेल तर तें नुसतें चित्र. तीन ओळी जोडल्या कीं तो पुरावा.

या पुराव्याची निकड आतां अधिक आहे. गिरगांव व दादर येथील अनेक वाड्यांचीं परसें इमारतींखालीं गेलीं. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागीं मनोरे उठले. जें कधीं लिहून ठेवलें नाहीं, तें नाहींसें झाल्याचेंही कोणाला कळत नाहीं. उलट झाडें लावलीं तर कीटक परतही येतात. धारावीजवळ, मिठी नदीच्या कांठीं, पूर्वीच्या कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानांत आज फुलपांखरें पाहण्यासाठीं लोक जातात. २०१५ सालीं महाराष्ट्रानें राणी पाकोळीला राज्य फुलपांखराचा मान दिला, आणि असें करणारें तें देशांतील पहिलें राज्य ठरलें.

राज्याचा मान मोठा खरा. पण फुलपांखराला हवें असतें तें पान. खिडकींतल्या कुंडींतील कढीलिंबाच्या दोन डहाळ्या फोडणींतून वगळाव्या, त्यांवर औषध फवारूं नये, आणि घरांतल्या मुलाच्या हातीं एक वही द्यावी. १८८३ सालीं भायखळ्यास जमलेल्या त्या आठ गृहस्थांनीं याहून फारसें निराळें कांहीं केलें नव्हतें.