एक झुडूप जगत नाही, दुसरं मरत नाही

काही नावं ऐकायला इतकी गोड असतात की त्या नावाचं झाड आपल्या दारात असावं असं उगीच वाटायला लागतं. अझालिया हे त्यातलंच एक. हल्ली रोपं ऑनलाइन मागवता येतात, घरपोच येतात, आणि कुंडीवरच्या लेबलवर गुलाबी फुलांनी लगडलेल्या झुडपाचा फोटो असतो. आमच्या मानोऱ्यातही असं रोप कुणीतरी हौसेने आणतं. (मानोरा माहीत नसेल तर बंजारा समाजाची काशी म्हणतात ती पोहरादेवी ज्या तालुक्यात आहे, तो वाशीम जिल्ह्यातला तालुका म्हणा.) रोप महिना-दीड महिना बरं दिसतं, मग पानं पिवळी पडतात, कडा करपतात, आणि मे महिना काही त्याच्या नशिबात नसतो.

याउलट गावाबाहेर पडा. माळावर, शेताच्या धुऱ्यावर, जंगलाच्या कडेला घाणेरी असते. तिला कुणी पाणी घालत नाही की खत. लोक तिला तोडतात, जाळतात. पावसाळा आला की ती परत हजर!

तर मंडळी, गंमत अशी की ही दोन्ही झुडपं मुळात बागेची शोभा म्हणूनच जगभर फिरली. इतकंच नाही, तर दोघींची आजची शास्त्रीय नावं एकाच पुस्तकातून सुरू होतात. ते पुस्तक म्हणजे स्वीडनच्या कार्ल लिनीयसचं १७५३ सालचं 'स्पीशीज प्लँटारम'. वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत या पुस्तकाने पक्की केली. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी पॅकेजचं नाव, मग क्लासचं. अझालिया इंडिका आणि लँटाना कॅमारा, म्हणजे आपली घाणेरी, दोघी त्यात आहेत. आणि दोघींचीही नावं जरा फसवीच आहेत.

आधी अझालिया. ग्रीक भाषेत 'अझालिओस' म्हणजे कोरडा, शुष्क. लिनीयस १७३२ मध्ये लॅपलँडच्या थंड, उजाड मुलुखात हिंडला होता. तिथे खडकाळ, कोरड्या जागेत जमिनीलगत पसरणारं एक बुटकं झुडूप असतं. असल्या कोरड्या जागेवरूनच हे नाव आलं असं मानलं जातं. म्हणजे 'अझालिया' या नावाचा अर्थ झाला 'कोरडी'. आणि आज बागेत जिला आपण अझालिया म्हणतो तिला काय लागतं? थंड हवा, ओलसर माती, सावली. कोरड्याशी तिचं उभं वैर! त्यात अजून कहर म्हणजे लॅपलँडचं ते बुटकं झुडूप आज अझालियाच राहिलेलं नाही. त्याला आता काल्मिया या वेगळ्याच प्रजातीत टाकलंय. ज्याच्यामुळे नाव पडलं, तेच घराबाहेर.

आता 'इंडिका'. हे वाचून आपल्याला वाटतं, अरे वा, ही तर आपलीच! पण तसं काही नाही. ही अझालिया जपानची. त्या काळी डच व्यापाऱ्यांची जहाजं पूर्वेकडून जे काही आणत ते युरोपात ढोबळपणे 'इंडियाचं' ठरायचं. जपान, जावा, कोचीन सगळं एकाच फोल्डरमध्ये. पुढे १९ व्या शतकात चीनमधली तिची बहीण, ऱ्होडोडेंड्रॉन सिम्साय, युरोपात पोचली. बेल्जियमच्या गेंट शहराच्या माळ्यांनी तिच्यापासून काचघरात शेकडो वाण तयार केले. युरोपात घरात ठेवायची जी अझालिया विकली जाते ती मुख्यतः हीच, आणि तिला तिथे अजूनही 'इंडियन अझालिया' म्हणतात. आपल्या नागपुरी संत्र्याला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसं युरोपियन युनियनमध्ये गेंटच्या अझालियाला २०१० साली मिळालं. थोडक्यात काय, तर नाव इंडियन, आईबाप चिनी-जपानी, आणि मानांकन बेल्जियमचं :)

नावाचा घोळ इथेच संपत नाही. लिनीयसने फुलातले पुंकेसर मोजून वर्ग पाडले होते. पाच पुंकेसर तर अझालिया, दहा तर ऱ्होडोडेंड्रॉन. किती सोपा नियम, एका इफ-एल्सचं काम! पण निसर्ग आपल्या इफ-एल्सवर चालत नाही. जपानच्या अझालियात पाच पुंकेसर, तर चीनच्या सिम्सायमध्ये आठ ते दहा. बाकी सगळं तर अगदी सारखं. शेवटी १७९६ साली सॉल्सबरी या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि १८३४ साली जॉर्ज डॉनने दोन्ही प्रजाती एकच आहेत असं मांडलं, आणि अझालिया ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये विलीन झाली. तेव्हापासून शास्त्रात 'अझालिया' नावाची प्रजातीच नाही. नर्सरीवाल्यांच्या आणि माळ्यांच्या तोंडी मात्र नाव जिवंत आहे. ज्यांनी जुना कोड सांभाळलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. फंक्शन कधीच डिप्रिकेट झालं, पण वापरणारे इतके की काढून टाकायची हिंमत कुणाची नाही.

मग बागेत समोर आलेलं झुडूप अझालिया आहे की नाही हे ओळखायचं कसं? लेबल बाजूला ठेवायचं आणि झाड वाचायचं.

फूल बघा. अझालियाच्या पाकळ्या सुट्या नसतात. तळाशी जोडून नरसाळं झालेलं असतं आणि वर पाच भाग उमलतात (दुहेरी फुलांच्या वाणात हे नीट दिसत नाही). वरच्या पाकळीवर बहुधा गडद ठिपके असतात. पुंकेसर लांब, बाहेर डोकावणारे, आणि फुलं फांदीच्या टोकाला. पान पातळ, लहान, साधं. सदाहरित जातींत पानावर चपटे दबलेले केस हाताला लागतात. पान तोडलं तर चीक येत नाही. काटा नाही.

आता आपल्याकडे जे खपतं त्याच्याशी ताडून बघा. खोड तळाशी मडक्यासारखं फुगलेलं आणि तोडल्यावर चीक येत असेल, तर ते अडेनियम. ते आफ्रिका आणि अरबस्तानाचं, कण्हेरीच्या कुळातलं. इंग्रजीत त्याला 'नकली अझालिया' असंही एक नाव आहे, त्यामुळे गोंधळाला वाव भरपूर. फांदीला काटे असतील आणि रंगीत 'पाकळ्या' कागदासारख्या असून त्यांच्या आत छोटी पांढरट नळीसारखी फुलं असतील, तर ती बोगनवेल. पानं लांब, भाल्यासारखी आणि चीक असेल तर कण्हेर.

ही ओळख नुसती हौस म्हणून नाही बरं का. अझालिया, अडेनियम, कण्हेर तिन्ही विषारी आहेत. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये झेनोफोनच्या ग्रीक सैन्यातले पुष्कळ सैनिक काळ्या समुद्राच्या काठी रानटी मध खाऊन झिंगून आडवे पडले होते, अशी नोंद त्याने स्वतः केलीय. तो मध तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचा होता असं आज समजलं जातं. ज्या अंगणात शेळ्या फिरतात आणि लहान पोरं पानं तोंडात घालतात, तिथे दारात काय लावलंय हे माहीत असलेलं बरं.

बरं, मग मानोऱ्यात अझालिया जगत का नाही? त्याचं उत्तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार तयार झालं. पश्चिम महाराष्ट्रापासून वऱ्हाडापर्यंत खाली तोच काळा बसाल्ट. पण त्याच खडकाची माती जागोजागी वेगळी झाली, कारण पाऊस वेगळा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तो मातीतला चुना धुऊन नेतो आणि मागे उरते तांबडी, आम्ल माती. वाशीमकडे पाऊस त्याच्या जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्शाचा. चुना धुतला जात नाही, मातीतच राहतो. वावरात नांगराला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे म्हणजे तोच.

अशा काळ्या मातीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ. अझालियाला हवा साडेचार ते सहा. सामूचं माप एकेका आकड्याला दहापट बदलतं, त्यामुळे हा फरक कागदावर दिसतो तेवढा लहान नाही. अशा मातीत लोह असूनही विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. म्हणून पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते बोअरचं पाणी घालतात. ते पाणी जड, क्षारयुक्त. म्हणजे दुखण्यावर अजून दुखणं. त्यातून अझालियाची मुळं केसासारखी बारीक आणि वरच्या थरातली. काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन त्यांचा श्वास कोंडते आणि उन्हाळ्यात भेगा पडून त्यांना तोडते. वर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन आहेच.

हट्टच असेल तर मार्ग आहे. जमिनीत न लावता कुंडीत लावायचं. काळी माती अजिबात नको. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी भरड वाळू. साठवलेलं पावसाचं पाणी. फक्त सकाळचं कोवळं ऊन, आणि उन्हाळाभर कुलर लावलेल्या खोलीच्या आसपास मुक्काम. म्हणजे पाहुणा नव्हे, जावईच सांभाळायचा.

मानोऱ्याच्या मातीवर कागद किती बदलले बघा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. इंग्रजांनी केलेला बासीम जिल्हा १९०५ मध्ये मोडला आणि १ जुलै १९९८ ला वाशीम म्हणून अकोल्यातून परत निघाला. चक्क रोलबॅक! एवढी लेबलं बदलली, पण मातीचा सामू तोच राहिला.

आता घाणेरीकडे येऊ. तिचंही नाव उसनं. 'लँटाना' हे जुन्या लॅटिनमध्ये युरोपातल्या एका निराळ्याच झुडपाचं नाव होतं. फुलोरा थोडा तसा दिसतो म्हणून हिला चिकटलं. घाणेरी मूळची उष्ण अमेरिकेतली. १७ व्या शतकात डचांनी ती ब्राझीलहून हॉलंडला नेली. युरोपच्या काचघरांत तिचे संकर झाले, नवनवे रंग आले. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणि कुंपणासाठी दाखल झाली. म्हणजे तीही त्या काळातलं लेबलवालं, कौतुकाचं रोपच. ओळखायला सोपी: चौकोनी खोड, आकडेदार काटे, खरखरीत पान, चुरडलं की उग्र वास, आणि एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी फुलं.

फरक पडला तो मातीने. हिला काळी चालते, मुरमाड चालते, ऊन चालतं, वणवा लागून गेला तरी बुडातून फुटते. जनावरं तिच्या विषारी पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि बुलबुलासारखे पक्षी फळं खाऊन बी लांबवर टाकतात. तिला आवरायला १९४१ साली ऑस्ट्रेलियाहून एक किडाही मागवून बघितला, पण घाणेरी हटली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक भागात घाणेरी पोचली आहे. जिथे ती दाटते तिथे गवत मरतं. गवत मेलं की हरणं गेली, आणि गावातल्या गुरांनाही चराई उरत नाही. एका बागेतली हौस दोनशे वर्षांनी कुणाच्या तरी गोठ्यापर्यंत येऊन पोचते, ती अशी.

म्हणून मला वाटतं, रोप घेताना 'हे जगेल का?' एवढंच विचारून भागत नाही. 'हे सुटलं तर थांबेल का?' हाही प्रश्न विचारायला हवा. अझालिया पहिल्या प्रश्नात नापास, घाणेरी दुसऱ्या.

दोन्हीत पास होणारं लाल फुलांचं झुडूप आपल्याच डोंगरउतारावर आहे. धायटी. हिवाळा सरता सरता तिच्या वाकलेल्या फांद्या लहान-लहान लालभडक नळीदार फुलांनी भरून जातात. आयुर्वेदात आसव-अरिष्टं आंबवायला हीच फुलं, धातकी या नावाने, वापरतात. बसाल्टचा उतार, उन्हाळा, कमी पाणी, सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. फक्त तिचं नाव गोड नाही, आणि तिच्या फोटोचं लेबल कुंडीवर सहसा दिसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मानोऱ्यासारख्या गावी दारात काही लावायचं असेल, तर नर्सरीत धायटी आहे का एवढं एकदा विचारून बघा. चार लोकांनी विचारलं की पाचव्याला रोप मिळतं.