सैनिकाच्या झोपेतले युद्ध

युद्ध संपले की सैनिक घरी परततो. पण कित्येकांच्या झोपेत ते युद्ध वर्षानुवर्षे चालूच राहते. हा आजार आहे आणि त्यावर उपचार करता येतात, हे कळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून वाचलेले अनेक सैनिक थरथर कापत आणि रात्री किंचाळत उठत. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या स्थितीसाठी ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. पुष्कळांना मात्र हा निव्वळ भित्रेपणा वाटे. ‘झाले ते विसरा’, हाच नेहमीचा सल्ला असे.

एडिंबरा येथील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयातील डॉ. रिव्हर्स यांनी या सल्ल्यालाच हरकत घेतली. दिवसा दडपलेल्या आठवणी रात्री अधिक जोराने उसळतात, असे त्यांनी डिसेंबर १९१७ मधील व्याख्यानात मांडले. एका अधिकाऱ्याला मित्राचा छिन्नविच्छिन्न देह स्वप्नात सतत दिसे. ‘याचा अर्थ तो तत्क्षणी गेला, त्याला यातना झाल्या नाहीत,’ हे रिव्हर्स यांनी त्याच्या लक्षात आणून दिले. पुढे तेच स्वप्न पडले, पण त्यातली भीती गेली होती. अर्थात प्रत्येकाला असा गुण आला नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवले.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप शोधली आणि स्वप्नांचा अभ्यास प्रयोगशाळेत आला. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, ‘आघातोत्तर तणाव विकार’ अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत यादीत दाखल झाला. झोपेचा बिघाड हे या विकाराचे दुय्यम लक्षण नसून मुख्य खूण आहे, असे मत १९८९ मध्ये रॉस आणि सहकाऱ्यांनी मांडले.

मग औषधाचा शोध सुरू झाला. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे जुने औषध. ते नॉरएड्रेनॅलिन या उत्तेजक रसायनाचा परिणाम रोखते. सिएटलच्या मरे रॅस्किंड यांनी २००३ मध्ये १० माजी सैनिकांवरील चाचणी प्रसिद्ध केली. दुःस्वप्ने स्पष्टपणे कमी झाली होती. परंतु २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवरील चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा हे औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. या चाचणीतही रॅस्किंड प्रमुख होते आणि त्यांनी हा प्रतिकूल निष्कर्ष प्रसिद्ध केला.

शिवाय सगळा दोष आठवणींचाच असतो असे नाही. मोठ्याने घोरणाऱ्या माजी सैनिकाचा श्वास झोपेत वारंवार अडत असेल, तर त्याला मुखवट्यातून दाबाने हवा देण्याचा उपाय हवा. तो १९८१ मध्ये कॉलिन सलिव्हन यांनी ऑस्ट्रेलियात दाखवून दिला. जुनाट निद्रानाशावर झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती गोळ्यांच्या आधी वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. म्हणून डॉक्टरांनी ‘झोप कशी लागते?’ एवढेच विचारून थांबू नये. घोरणे, दचकून उठणे, श्वास अडणे यांची माहिती रुग्णापेक्षा त्याच्या पत्नीला अधिक असते.

वर्गात हा इतिहास सांगताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: १० रुग्णांत दिसलेला गुण ३०४ रुग्णांत का दिसला नसेल? योगायोग, रुग्णांची निवड, नुसत्या देखरेखीने पडणारा फरक, अशी अनेक उत्तरे येतील. ती कशी तपासायची, यावर चर्चा होऊ द्यावी.