पुण्याचे हौद

पुण्यात कुणाला पत्ता विचारला तर तो सहज सांगतो, "फडके हौदापाशी उतरा," नाहीतर "साततोटीवरून पुढे जा." खेड्यातून गेलेल्या माणसाला वाटते, तिथे भरलेला हौद दिसेल, सात तोट्या वाहत असतील. दिसते ती मोटारींची गर्दी. पण ही नावे उगाच पडलेली नाहीत बरे का! या शहराच्या पोटातून एक जुना पाट गेला आहे, त्याच्या त्या खुणा आहेत.

१७४० साली नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुणे तेव्हा झपाट्याने वाढत होते, नव्या पेठा वसत होत्या. मुठेचे पाणी, ओढे आणि वाड्यांतले आड एवढ्यावर गावाचे भागेना. मग दक्षिणेला कात्रजच्या डोंगरापाशी आंबील ओढ्याचे पाणी अडवून तळी बांधली आणि तिथून चुन्या-दगडाच्या बंदिस्त नळाने ते थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले. हे काम १७५० च्या सुमाराचे. अंतर दहा किलोमीटरच्या घरात, म्हणजे जुन्या हिशेबाने तीन कोस.

ना इंजिन, ना पंप. आपल्या पाटाचे पाणी जसे उताराने चालते तसेच हेही चालले. फरक एवढाच की हा पाट जमिनीखालून गेला. काही ठिकाणी नळ इतका उंच आहे की आत माणूस उभा राहून चालू शकेल. वाटेत ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास ठेवले. आत कोंडलेली हवा तिथून बाहेर पडे, आणि गाळ काढायला माणूसही तिथूनच उतरे. गाळ हौदाच्या तळाशी बसायचा आणि वरचे निवळ पाणी पुढे जायचे. ज्यांनी रात्रीची दारे धरली आहेत त्यांना यातली अक्कल समजावून सांगायला नको. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम उखडते, कमी झाला तर तुंबून राहते. तीन कोस हा तोल सांभाळणाऱ्या गवंड्यांची नावे मात्र आपण पाठ केलेली नाहीत.

पुढे नाना फडणीस आणि सरदार रास्ते यांनीही नळ आणले. पेठापेठांतून हौद झाले. इथपर्यंतची गोष्ट पुणेकर अभिमानाने सांगतात, आणि अभिमान वाटावा असेच ते काम आहे. पण हौदात घागर कुणी बुडवायची? महार, मांग, चांभार या मंडळींना हौदाला शिवायची बंदी होती. कुणी दया येऊन वरून ओतले तर पाणी, नाहीतर रिकामे मडके घेऊन लांब उभे राहायचे. डोंगरातून आलेले पाणी सगळ्यांच्या दाराखालून वाहायचे आणि काहींच्या घागरीपुरते अडायचे.

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. सभेत चार शब्द बोलणे निराळे आणि स्वतःच्या दारातले पाणी मोकळे करणे निराळे. याच जोतीरावांनी पुढे खडकवासल्याच्या धरणाच्या कामी कंत्राटदारी केली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्यांचे एक स्नेही होते डॉ. विश्राम रामजी घोले, नामांकित शस्त्रवैद्य आणि सत्यशोधक. त्यांची मुलगी काशीबाई. तिला लाडाने बाहुली म्हणत. घोल्यांनी तिला शिकवायला घेतले. मुलीच्या जातीने पाटी हातात धरावी हे नात्यागोत्यातल्या कर्मठांना खपले नाही, आणि त्यांनी काचेची पूड खाऊ घालून पोरीचा जीव घेतला, अशी हकीकत पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. आठ-नऊ वर्षांचे लेकरू ते! बापाने तिच्या आठवणीसाठी १८८० च्या सुमारास बुधवार पेठेत हौद बांधला आणि सर्व जातींना मोकळा ठेवला. तोच बाहुलीचा हौद. घोले रस्त्याला नाव आहे ते याच डॉक्टरांचे.

शिवाशिवीचा हा जाच मोठमोठ्यांनाही चुकला नाही. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नावे छापून आली आणि गावात ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ताचा खल झाला. एका पेल्यावरून विद्वानांची ही गत, तर हौदापासून लांब उभ्या राहिलेल्यांचे काय झाले असेल! महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ रोजी. जोतीरावांच्या हौदाला तेव्हा एकोणसाठ वर्षे झाली होती.

खडकवासल्याचे पाणी नळाने घरोघर आले आणि हौद मागे पडले. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले. पुण्याचे नळ कोरडे पडले. तेव्हा पेठांतली माणसे घागरी-बादल्या घेऊन जुन्या आडा-हौदांवर गेली. आज त्यांतले पुष्कळ हौद बुजले आहेत. पण अजूनही रस्ता खणताना मधेच कुदळ चिरेबंदी नळाला लागते.