पठाण, रेश्मा

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील स्टंट कलावंत. हिंदी चित्रपटांतील पहिल्या व्यावसायिक स्टंट महिलांपैकी एक. त्या या व्यवसायात येण्यापूर्वी नायिकेच्या धोक्याच्या दृश्यांत बहुधा पुरुषच साडी नेसून, केसांचा टोप घालून उभे राहत. पाठीमागून नेम धरणाऱ्या कॅमेऱ्याला ते चालून जाई, जवळून मात्र खांदे चुगली करीत. घरच्या गरिबीमुळे पठाण कोवळ्या वयातच सेटवर आल्या. फाइट मास्टरच्या सांगण्यावरून उड्या, घोडेस्वारी, पडणे, मार खाणे हे सारे त्या करीत. स्टंट कलावंतांच्या संघटनेची सदस्य होणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात.

त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते ‘शोले’ या चित्रपटाशी (१९७५). त्यातील टांगेवाली बसंती हिच्या टांग्याचा पाठलाग कर्नाटकातील रामनगरच्या खडकाळ माळावर चित्रित झाला. त्यात बसंतीची भूमिका करणाऱ्या हेमा मालिनीऐवजी धोक्याच्या जागी पठाण होत्या. टांगा उलटून त्या जखमी झाल्या, तरी पुन्हा कामावर आल्या. प्रेक्षकांना टांग्याची घोडी धन्नो आठवते. लगाम धरणारी आठवत नाही. डुप्लिकेटचे काम उत्तम साधले म्हणजे ते कुणाच्या लक्षातच येत नाही, ही या धंद्यातली अडचण. पुढे त्यांनी रेखा, श्रीदेवी आदी अभिनेत्रींसाठीही काम केले.

आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाच्या ‘द शोले गर्ल’ (२०१९) या चित्रपटात बिदिता बाग यांनी पठाण यांची भूमिका केली.