‘इआन्थे’ : एका विशेषनामाचा वाङ्मयेतिहास

साहित्यसमीक्षेत विशेषनामांचा विचार बहुधा ओझरता होतो. पात्राच्या नावातून त्याचा स्वभाव सूचित होत असेल, तर समीक्षक त्याची नोंद घेतो. एरवी नाव म्हणजे पात्राला अडकवलेली चिठ्ठी, असे मानून तो पुढे जातो. ह्या उपेक्षेला तर्कशास्त्राचाही आधार मिळालेला आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ (१८४३) ह्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, विशेषनाम व्यक्तीचा केवळ निर्देश करते, तिच्या गुणांविषयी काही सांगत नाही. आपल्याकडील वैयाकरणांनी जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा असे शब्दांचे जे चतुर्विध वर्गीकरण केले, त्यात विशेषनाम हा ‘यदृच्छाशब्द’ ठरतो. वरवर पाहता ह्या दोन्ही भूमिका सारख्याच वाटतात. पण त्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. मिलचे लक्ष नाव आणि नामधारी व्यक्ती ह्यांच्यावर आहे. ‘यदृच्छा’ ह्या संज्ञेत मात्र एक तिसरा घटकही गृहीत धरलेला आहे. ज्याच्या इच्छेने नाव ठेवले जाते, तो नामकर्ता. एखाद्या नावाच्या आकर्षणाचा विचार करताना ह्या तिसऱ्या घटकाकडे दुर्लक्ष केले, तर काय निसटते, हे ‘इआन्थे’ ह्या विरळा ग्रीक स्त्रीनामाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

प्रथम नावाचे रूप पाहू. ‘इऑन’ म्हणजे व्हायोलेटचे जांभळे फूल आणि ‘आन्थोस’ म्हणजे फूल. ह्या दोन शब्दांच्या योगाने ‘इआन्थे’ हे नाव सिद्ध होते, असे सामान्यतः मानले जाते. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘आयॅन्थी’ असा होतो, आधुनिक ग्रीकमध्ये ‘इआन्थी’. प्राचीन ग्रीकमधील महाप्राण व्यंजन मात्र आपल्या ‘थ’शी जुळते, म्हणून येथे ‘इआन्थे’ हे रूप स्वीकारले आहे. व्हायोलेटच्या फुलाला ग्रीक काव्यात मोठी प्रतिष्ठा होती. पिंडारने अथेन्स नगरीला ह्याच फुलांचा मुकुट घातलेली म्हटले आहे. म्हणजे नावाच्या पहिल्याच अक्षरांत एक काव्यपरंपरा सामावलेली आहे. ह्याखेरीज एक योगायोगही ध्यानात घ्यावा लागतो. ग्रीकमध्ये ‘इआइनो’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ ऊब देणे, मन प्रसन्न करणे. त्याच्या कर्मणी भूतकाळाचे एक रूपही ‘इआन्थे’ असेच लिहिले जाते: ‘मन उबेने भरून आले’. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ह्या दोहोंचा संबंध मानण्याचे कारण नाही. परंतु श्रोत्याच्या कानावर व्युत्पत्तिशास्त्राचे नियंत्रण नसते, आणि श्लेषाला तर ते कधीच नसते.

हे नाव आरंभीच्या ग्रीक काव्यात दोन ठिकाणी आढळते, आणि दोन्ही ठिकाणी ते नामावळीत आहे. हेसिअडच्या ‘थिऑगनी’त ओकेआनोसच्या कन्यांची यादी येते, तीत इआन्थेचा नुसता उल्लेख आहे. तिला कथा नाही, कर्म नाही, वर नाही की शाप नाही. दुसरे स्थळ होमरच्या नावावर असलेल्या डिमीटर-स्तोत्रातील आहे आणि ते अधिक अर्थपूर्ण आहे. स्तोत्राच्या आरंभी पर्सेफोनी कुरणात फुले वेचत असते. त्या फुलांत व्हायोलेटही आहेत. ओकेआनोसच्या कन्या तिच्याबरोबर आहेत, पण निवेदक त्यांची नावे सांगत नाही. मग धरणी दुभंगते आणि हेडीस तिला पळवून नेतो. पुढे ती परत येऊन आईला सारी हकीकत सांगते, तेव्हा ती सख्यांची एकेक करून नावे घेते, आणि त्यांत इआन्थे आहे. निवेदकाने ज्यांना केवळ समूह म्हणून पाहिले, त्यांना अपहृत मुलगी व्यक्ती म्हणून आठवते. त्यानंतर थोड्याच ओळींनी मायलेकी एकमेकींच्या मनाला ऊब देतात असे वर्णन आहे, आणि तेथे योजलेले क्रियापद ‘इआइनो’ हेच आहे. कवीने हा ध्वनिसंवाद हेतुतः साधला, असा आग्रह धरण्याची गरज नाही. एवढे मात्र निश्चित की, ह्या स्तोत्रात इआन्थे हे नाव एका मुलीच्या तोंडून, दुसऱ्या स्त्रीला उद्देशून, स्मरण म्हणून उच्चारले गेले आहे. पुढील इतिहासात अशी स्थिती जवळजवळ पुन्हा येत नाही.

ह्याला संहितेच्या इतिहासातील एक घटनाही कारणीभूत आहे. मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपातील वाचकांपाशी हे स्तोत्र अखंड रूपात नव्हते. त्याचे एकमेव हस्तलिखित १७७७ मध्ये मॉस्को येथे उजेडात आले आणि रुन्केनने १७८० मध्ये ते प्रथम छापले. तोपर्यंत इआन्थे म्हणजे प्रामुख्याने ओव्हिडची इआन्थे होती.

‘मेटामॉर्फोसिस’च्या नवव्या सर्गातील ती कथा नामकरणाचीच कथा आहे. क्रीट बेटावरील लिग्डस हा गरीब गृहस्थ गर्भवती पत्नीला बजावतो की, मुलगी झाली तर तिला मारावे लागेल. मुलगी होते, आयसिस देवीच्या आज्ञेवरून आई तिला मुलगा म्हणून वाढवते. बाप तिला आजोबांचे ‘इफिस’ हे नाव ठेवतो. आईला त्या नावाने आनंद होतो, कारण ते स्त्रीपुरुष दोघांनाही चालणारे आहे. ते उच्चारताना कोणाची फसवणूक होत नाही. तेरा वर्षांनी इफिसचा विवाह इआन्थेशी ठरतो. दोघी एकाच वयाच्या, एकाच गुरूंकडे शिकलेल्या, आणि एकमेकींवर अनुरक्त. इफिसला सत्य ठाऊक आहे, इआन्थेला नाही. अखेरीस देवीच्या कृपेने इफिसचा पुरुष होतो आणि विवाह पार पडतो.

ह्या कथेची आधुनिक चर्चा प्रामुख्याने इफिसभोवती फिरते, आणि ते स्वाभाविक आहे. ओव्हिडने तिला दीर्घ आत्मनिवेदन दिले आहे. इआन्थेच्या वाट्याला आलेला मजकूर अगदी त्रोटक आहे: तिचे सौंदर्य, तिचा पिता, तिचे प्रेम आणि विवाहदेवता लवकर यावी म्हणून तिने केलेली प्रार्थना. इफिसच्या नावात सत्य दडलेले आहे. इआन्थेच्या नावात केवळ फूल आहे. रहस्य तिच्यापासून लपविण्यात आले आहे, आणि रूपांतरानंतरही ते तिला कळले की नाही, हे कवी सांगत नाही. नामावळीतून आलेली मुलगी कथेत आली, पण कथेचे ज्ञान तिला मिळाले नाही.

सतराव्या शतकात हे नाव इंग्रजी रंगभूमीवर आले. १६४२ पासून लंडनची नाट्यगृहे बंद होती. १६५६ मध्ये विल्यम डेव्हनंटने रटलंड हाऊस येथे ‘द सीज ऑफ ऱ्होड्स’ हे संगीतमय नाट्य सादर केले. १५२२ साली सुलेमानने ऱ्होड्सला घातलेला वेढा हा त्याचा विषय. त्याची नायिका इआन्थे आपले दागिने विकून वेढ्यात सापडलेल्या पतीच्या साहाय्यार्थ निघते. ही इआन्थे कर्ती आहे, आणि ही भूमिका कॅथरिन कोलमन या स्त्रीने गायिली. इंग्लंडच्या सार्वजनिक रंगमंचावर स्त्रीने भूमिका केल्याच्या अगदी आरंभीच्या घटनांत तिची गणना होते. पुढे हीच भूमिका मेरी साँडर्सनने केली. १६६२ मध्ये टॉमस बेटरटन या नटाशी तिचा विवाह झाला. सॅम्युएल पीप्सच्या दैनंदिनीत मात्र ती दीर्घकाळ ‘इआन्थे’च राहिली. ‘डचेस ऑफ माल्फी’तील तिच्या कामाची तो स्तुती करतो, तेव्हाही तिचा उल्लेख ह्याच नावाने करतो. त्यात कौतुक आहे, यात शंका नाही. परंतु नामकर्ता बदलला आहे, हेही खरे. आता प्रेक्षक नटीला नाव देतो, आणि तिचे स्वतःचे नाव त्याखाली झाकले जाते.

झाकणे हा ह्या नावाचा पुढे प्रमुख धर्मच बनला. वॉल्टर सॅव्हेज लँडरची इआन्थे म्हणजे सोफिया जेन स्विफ्ट. ‘सिमोनिडिया’ (१८०६) ह्या संग्रहापासून पुढे तो तिच्यावर इआन्थे ह्या नावाने कविता लिहीत राहिला. ‘जेन’पासून ‘इआन्थे’पर्यंतचा प्रवास लॅटिनज्ञ कवीला सोपा होता, लॅटिन लिपीत ‘आय’ आणि ‘जे’ ही मुळात एकच अक्षरे. घरगुती नावाला अभिजाततेचे वस्त्र चढविले की ओळखही लपते आणि ओळखणाऱ्याला खूणही मिळते.

बायरनच्या बाबतीत ही क्रिया अधिक उघडी पडते. ‘चाइल्ड हॅरल्ड’चे पहिले दोन सर्ग १८१२ मध्ये निघाले. १८१४ च्या सातव्या आवृत्तीत त्यांच्या आरंभी इआन्थेला उद्देशून एक अर्पणकविता जोडली गेली. ही इआन्थे म्हणजे लेडी शार्लट हार्ली, १८०१ साली जन्मलेली, त्या वेळी केवळ बालिका. कवी तिला सांगतो की, तुझ्यासारख्या अल्पवयीन मुलीला मी हे काव्य का अर्पण करतो, हे विचारू नकोस. आणि पुढे म्हणतो की, तुझे नाव माझ्या काव्यात गुंफले गेले आहे. येथील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जे नाव गुंफले गेले, ते तिचे नव्हतेच. अमरत्वाचे आश्वासन मुलीला दिले गेले आणि ते मिळाले कवीने निवडलेल्या नावाला.

पाच वर्षांनी, १८१९ मध्ये, जॉन पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा प्रसिद्ध झाली. गंमत अशी की, नियतकालिकात ती बायरनच्या नावाने छापली गेली. म्हणजे येथे लेखकाचे नावही खोटेच होते. तीतील इआन्थे ही अथेन्समधील ग्रीक मुलगी आहे. रक्तपिपासू प्रेतांच्या कथा ती ऑब्री ह्या इंग्रज तरुणाला सांगते. त्याला तिचे बोलणे मोहक वाटते, पण विश्वसनीय वाटत नाही. तीच त्या प्रेताची शिकार होते. ओव्हिडच्या इआन्थेपासून ज्ञान लपविले गेले होते. पॉलिडोरीच्या इआन्थेपाशी ज्ञान आहे, पण ते ऐकणारा कोणी नाही. इंग्रज तरुणाला ग्रीक नाव हवे आहे. ते नाव धारण करणारीचे म्हणणे नको आहे.

ह्या साऱ्या परंपरेचा सर्वांत कठोर अध्याय शेलीचा आहे. ‘क्वीन मॅब’ हे काव्य त्याने १८१३ मध्ये खाजगीरीत्या छापून घेतले आणि पत्नी हॅरिएट हिला अर्पण केले. त्यात इआन्थे निद्रिस्त आहे. परीराणी मॅब तिच्या आत्म्याला देहापासून अलग करून विश्व, इतिहास, राजसत्ता आणि धर्मसत्ता ह्यांचे दर्शन घडविते. आत्मा बहुतांशी श्रोताच आहे. तो बोलतो त्यातील एक आठवण मात्र विसरता येत नाही. लहानपणी आईबरोबर जाऊन त्याने एका नास्तिकाला जिवंत जाळताना पाहिलेले असते. शेवटी इआन्थे जागी होते, तेव्हा प्रियकर हेन्री शय्येपाशी गुडघे टेकून बसलेला असतो.

काव्य छापले गेले त्याच सुमारास, २३ जून १८१३ रोजी, शेली आणि हॅरिएट ह्यांना मुलगी झाली. तिचे नाव एलायझा इआन्थे ठेवण्यात आले. तिच्यावर त्याने एक सुनीतही लिहिले. पुढच्याच वर्षी शेलीने हॅरिएटचा त्याग केला. डिसेंबर १८१६ मध्ये हॅरिएटचा मृतदेह लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात सापडला. मुलांचा ताबा मिळावा म्हणून शेली न्यायालयात झगडला, तेव्हा तो पालक होण्यास अपात्र असल्याचा पुरावा म्हणून त्याच्याविरुद्ध ‘क्वीन मॅब’ दाखल करण्यात आले. १८१७ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर एल्डनने शेलीच्या विरुद्ध निकाल दिला. ज्या काव्यातील इआन्थेचे मन मुक्त करायचे होते, त्याच काव्यामुळे प्रत्यक्षातील इआन्थे पित्याला दुरावली. काव्यातील इआन्थे झोपेतून उठते तेव्हा कोणीतरी तिच्यापाशी असतो. चार वर्षांचीही न झालेल्या ह्या मुलीजवळ तेव्हा आईही नव्हती आणि बापही नव्हता.

शेलीचरित्रात ह्या प्रकरणाची चर्चा बहुधा पित्याच्या बाजूने होते: विचारस्वातंत्र्याला मिळालेली शिक्षा म्हणून. ती बाजू खोटी नाही. पण नावाच्या इतिहासाला त्यापुढेही जावे लागते. एलायझा इआन्थेने १८३७ मध्ये एडवर्ड एस्डेल यांच्याशी विवाह केला. १८७६ मध्ये तिचे निधन झाले. शेलीच्या आरंभीच्या कवितांची एक हस्तलिखित वही हॅरिएटपाशी होती. तिच्या शेवटच्या भागातील काही कविता हॅरिएटच्या हस्ताक्षरात आहेत. ती वही ह्या मुलीकडे आली आणि पुढे तिच्या वंशजांकडे राहिली. केनेथ नील कॅमरन यांनी ती संपूर्ण स्वरूपात १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. आज अभ्यासक तिला ‘एस्डेल नोटबुक’ म्हणून ओळखतात, म्हणजे इआन्थेच्या पतीकडील आडनावाने. तीत इआन्थेला उद्देशून लिहिलेले ते सुनीतही आहे.

‘इआन्थे’चे आकर्षण कशात आहे, ह्या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर नादमाधुर्य, फुलाचा संदर्भ आणि विरळपणा असे दिले जाते. हे तिन्ही घटक खरे आहेत, पण ते अपुरे आहेत. हेलन वा अँटिगनी ह्या नावांना कथेचा भार आहे. ती नावे घेणाऱ्याला त्या कथेशी झुंजावे लागते. इआन्थे नामावळीतून आली. तिच्यामागे कथा नव्हती. म्हणून प्रत्येक नामकर्त्याला ती रिकामी, आणि म्हणून सोयीची, वाटली. विरळ नावाचे सौंदर्य हे पुष्कळदा त्या रिकामेपणाचे सौंदर्य असते, आणि त्या रिकाम्या जागेत बहुधा नामकर्त्याचीच इच्छा भरलेली असते. ‘यदृच्छाशब्द’ ही संज्ञा येथे अन्वर्थक ठरते.

समीक्षेचे काम मग नावाचा अर्थ सांगून संपत नाही. ते नाव कोणी, कोणाला, कोणाच्या नावावर पांघरले, हे तिला विचारावे लागते. डिमीटर-स्तोत्रात एक मुलगी आपल्या मागे राहिलेल्या सखीचे नाव आईला सांगते. पुढे दीर्घकाळ बहुतेक वेळा ते नाव कोणी ना कोणी पुरुष देत राहिला. एलायझा इआन्थेलाही ते असेच मिळाले. परंतु आईच्या अक्षरातली वही तिच्याकडे आली आणि तिच्या घराण्यात टिकली, म्हणून हॅरिएटचे हस्ताक्षर आपल्याला आज वाचता येते.