गुराख्याची टोपी

मनुष्याचा प्रांत, धंदा आणि पत ही पूर्वी त्याच्या डोक्यावरूनच ओळखू येत असत. पुणेरी पगडी, कोल्हापुरी फेटा आणि शेतकऱ्याचे मुंडासे यांतील भेद आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. परंतु आपल्या प्रांताची आणि धंद्याची हद्द ओलांडून जगभर ओळखले गेलेले शिरोवेष्टन कोणते, असा विचार करू लागताच आमची दृष्टी अमेरिकेतील काऊबॉयच्या रुंद काठाच्या टोपीवर जाऊन ठरते. काऊबॉय म्हणजे गुराखीच. गुराख्याची टोपी राष्ट्राध्यक्षाच्या मस्तकापर्यंत कशी चढली, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

या टोपीचे मूळ इंग्रजी भाषिकांकडे नाही. घोड्यावर बसून गुरांचे मोठाले कळप राखण्याची विद्या स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत आणली आणि तेथील ‘वाकेरो’ म्हणजे गुराखी यांनी ती पूर्णत्वास नेली. त्यांची टोपी ती ‘सोम्ब्रेरो’. स्पॅनिश भाषेत ‘सोम्ब्रा’ म्हणजे सावली. टेक्सासमध्ये आलेल्या नव्या वसाहतवाल्यांनी गुरे धरण्याचा दोरीचा फास, काट्यांपासून पाय राखणारे चामडी आवरण आणि या वस्तूंची नावेसुद्धा वाकेरोंकडूनच उचलली. रुंद काठाच्या टोपीचा धडाही त्यांचाच.

तिला आजचे रूप देणारा गृहस्थ मात्र गुराखी नव्हता. जॉन स्टेट्सन हा न्यू जर्सीतील एका टोपीवाल्याचा मुलगा. जन्म १८३० चा. क्षयाची बाधा झाल्याने हवापालटासाठी तो पश्चिमेकडे गेला. प्राण्यांची लव ओलावा, उष्णता व दाब यांनी एकजीव करून नमदा बनविण्याचे पिढीजात कसब त्याच्या हातांत होतेच. उघड्या माळावर कोणती टोपी टिकेल हे त्याने तेथे पाहिले आणि १८६५ साली फिलाडेल्फियात कारखाना काढला. ‘बॉस ऑफ द प्लेन्स’, म्हणजे ‘मैदानांचा धनी’, हे त्याने आपल्या टोपीस दिलेले नाव. काठ सपाट, माथा गोल व साधा. ऊन, पाऊस, धूळ यांपासून ती रक्षण करी. विस्तव फुलवावयास आणि दूरच्या सोबत्यास खूण करावयासही ती उपयोगी पडे. माथ्यावरील आजच्या चुण्या व काठाचे बाक पुढे वापरणाऱ्यांच्या हाताने आणि हौसेने आले. ‘दहा गॅलनची टोपी’ हे नाव मात्र निव्वळ अतिशयोक्तीचे आहे. तीत एक गॅलनही पाणी मावत नाही.

आता खरे नवल पाहा. ज्या धंद्याने या टोपीस कीर्ती दिली, त्याचा भर जेमतेम वीस वर्षे टिकला. १८६७ साली कॅन्ससमधील ॲबिलीन येथे रेल्वेच्या कडेला गुरांचा बाजार उभा राहिला आणि टेक्सासमधून कळपांमागून कळप उत्तरेकडे निघाले. १८७४ साली ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट मिळविले आणि मोकळी कुरणे कुंपणांत अडकू लागली. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात असंख्य गुरे मेली आणि तो काळ संपला. काऊबॉय हा महिना तीस-चाळीस डॉलरांवर राबणारा मजूर होता. त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मेक्सिकन लोकही पुष्कळ होते. नॅट लव्ह या कृष्णवर्णीय काऊबॉयने तर १९०७ साली आत्मचरित्रही प्रसिद्ध केले.

परंतु धंदा मावळत असतानाच त्याचा खेळ सुरू झाला होता. बफेलो बिल याने १८८३ साली आपला तमाशेवजा प्रयोग उभा केला आणि १८८७ साली तो लंडनला नेला. त्यामागून चित्रपट आले. टॉम मिक्ससारख्या नटांनी टोपीचा माथा उंच केला आणि नायकाचा चेहरा बहुतांशी गोराच ठेवला. टेक्सासचे लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा ही टोपी राजकारणातही मिरवू लागली. १९७९ साली चीनचे नेते डेंग श्यावपिंग यांनी टेक्सासमधील घोडेस्वारांच्या खेळात ती डोक्यावर चढविली तेव्हा सारा जनसमुदाय हर्षभरित झाला.

येथे आपल्याकडील साहेबाची सोला टोपी आठवते. पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून केलेली तीही उन्हासाठीच होती. परंतु ती डोक्यावर असणे ही राज्यकर्त्या वर्गाची खूण झाली. १९४७ साली राज्य गेले आणि त्यामागोमाग ती टोपीही रोजच्या वापरातून नाहीशी झाली. अधिकाराने दिलेली शोभा अधिकाराबरोबर उतरते, हे आपणा नोकरीपेशाच्या लोकांनी तरी विसरू नये. काऊबॉयच्या टोपीची शोभा कष्टातून आली. म्हणून धंदा गेल्यावरही तिचे आकर्षण उरले, असे आम्हांस वाटते. तथापि हा हिशेब अद्याप पुरता फिटलेला नाही. टोपी जगाने उचलली. पण ती घालून ज्यांनी ऊन-पाऊस सोसला, त्यांतील वाकेरो आणि कृष्णवर्णीय गुराखी तिच्या चित्रातून फार काळ वगळले गेले. इतिहासाने त्यांना त्यांच्या जागी पुन्हा उभे करणे, हे त्या टोपीचे खरे ऋण फेडणे होय.